काढून टाकलेलं इंजिन

बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीत जुनी जीप विकायला निघाली की पूर्वी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असायचा, "डिझेल इंजिन टाकलंय का?" टाकलेलं असलं की सौदा लवकर जमायचा. आता तीच जीप बघायला पुण्या-नाशिकहून माणसं येतात, बोनेट उचलतात, ब्लॉकवरचा नंबर बोटाने पुसून बघतात आणि विचारतात, "हिचं स्वतःचं पेट्रोल इंजिन कुठंय?" बहुतेक वेळा ते भंगारात गेलेलं असतं, किलोच्या भावाने.

जुन्या गाडीत केलेल्या बदलांचा पस्तावा हा विषय जगभर चर्चेत असतो. पण तिथे बोलणं चालतं ते हौशी लोकांच्या मोटारींबद्दल. बुलडाणा जिल्ह्यात हे बदल पोटासाठी झाले. खामगाव चौफुलीवर किंवा मेहकर फाट्यावर ज्यांनी काळी-पिवळी जीप लावली, त्यांना गाडीचं मूळ रूप सांभाळण्याची चैन परवडणारी नव्हती. त्यामुळे त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. ते बदल नेमके कोणते होते, गाडीच्या अंगात त्यांनी काय उलथापालथ केली आणि त्यातलं काय परत फिरवता येतं, हे मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. काही गाड्या अजून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत आणि त्यांच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही.

आधी जीपबद्दल. महिंद्रा बंधूंनी 1945 साली काढलेल्या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग जहाजाने यायचे, इथे गाडी उभी व्हायची. पुढे इथेच घडलेली सीजे-3बी ही आपल्याकडची सगळ्यांत ओळखीची जीप. उंच, चौकोनी बोनेट ही तिची खूण. ती उंची कुणी नक्षीसाठी दिलेली नाही. विलीजच्या जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये असत. त्याची ताकद साधारण 60 अश्वशक्ती. नव्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह डोक्यावर, हेडमध्ये नेला आणि जळका धूर बाहेर सोडणारा मात्र बाजूलाच ठेवला. आत येणाऱ्या हवेची वाट सरळ आणि मोठी झाली, ताकद सत्तरीच्या पुढे गेली. आकारमान तेच, 134 घनइंच, म्हणजे सुमारे 2.2 लिटर. पण इंजिन उंच झालं, म्हणून बोनेट उंच झालं. थोडक्यात, या जीपचा चेहरा तिच्या इंजिनाने ठरवलेला आहे. ते इंजिन काढून दुसरं बसवलं की तो चेहरा राहतो, पण तो तसा का आहे याचं कारण निघून जातं.

अशा जीप आपल्याकडे आल्या त्या सरकारी खात्यांच्या आणि लष्कराच्या लिलावांतून, कुणा जिनिंगवाल्याकडून, कुणा पुढाऱ्याकडून. लष्कराच्या लिलावात जोंगाही मिळायची. जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्याने बनलेली ही गाडी दणकट खरी, पण तिच्यात सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. त्याला पेट्रोल पाजायचं कुणी? 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि शेती व मालवाहतुकीसाठी म्हणून सरकारने डिझेल स्वस्त ठेवलं. ही तफावत कितीतरी वर्षं टिकली. पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून 2010 साली सुटले, डिझेलचे 2014 साली. मधल्या काळात ज्याला गाडीवर घर चालवायचं होतं, त्याने पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवलं. कंपनीनेही तेच केलं. 1980 च्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनलेलं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन आलं. अपघातात गेलेल्या, मोडीत निघालेल्या अशा गाड्यांची इंजिनं मग गॅरेजांमध्ये पोचली आणि जुन्या पेट्रोल जीपच्या चासीवर चढली.

कंपनीने डिझेल जीप काढली आणि मिस्त्रीने पेट्रोल जीपला डिझेल केलं, यात मोठा फरक आहे. पस्ताव्याचं मूळ या फरकात आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण साधारण सात-साडेसातपट दाबलं जातं आणि ठिणगीने पेटतं. डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबाने तापून डिझेल पेटवेल. त्यासाठी दाब अठरा ते बावीसपट लागतो. एवढा दाब सोसायला ब्लॉक, हेड, क्रँक सगळं जाड आणि जड लागतं. म्हणजे पहिला फरक पडतो गाडीच्या नाकावर. पुढचे पाटे बसतात, म्हणून मिस्त्री एखादा पाटा वाढवतो. त्याने गाडी कडक होते, दणके थेट चासीला आणि स्टिअरिंगच्या बॉक्सला बसू लागतात. डिझेलचा हादरा मोठा, म्हणून जुने रबरी माउंटिंग महिन्या-दोन महिन्यांत फाटतात. मग चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड होतात. इंजिन लांब असेल तर रेडिएटर पुढे सरकवावा लागतो, त्यासाठी मधल्या पट्ट्या गॅस कटरने कापल्या जातात. सुरू होताना डिझेलला करंट जास्त लागतो, म्हणून मोठी बॅटरी येते आणि तिच्यासाठी बॅटरीचा ट्रे कापला जातो.

एक छोटा भाग मला या साखळीत विशेष वाटतो. जुन्या जीपचा वायपर विजेवर चालत नसे. पेट्रोल इंजिन हवा ओढताना कार्बोरेटरच्या झडपेमागे पोकळी तयार होते, त्या ओढीवर तो चालायचा. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेत अशी झडपच नसते; वेग कमी-जास्त होतो तो डिझेलच्या मात्रेने. त्यामुळे ओढ गेली आणि वायपर मेला. मग विजेची मोटर आली, तिच्यासाठी काचेच्या चौकटीला भोक पडलं, वायर गेली, डॅशबोर्डवर बटण आलं. एका मोठ्या बदलामागून असे दहा लहान बदल येतात आणि प्रत्येक ठिकाणी पत्र्याला किंवा चासीला कायमची जखम होते. इंजिन बदलायचं ठरवताना त्या दहांचा विचार कुणाच्याच डोक्यात नसतो.

यातून गतीचा घोळही होतो. मूळ विलीजच्या मागच्या हाउसिंगमध्ये गुणोत्तर होतं 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे पाच फेरे आणि वर थोडा. भराभर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला हे जमतं. डिझेल सावकाश फिरतं आणि कमी फेऱ्यांतच जोर देतं. तेच हाउसिंग ठेवलं तर गाडी पन्नास-साठच्या पुढे नुसती ओरडते. मग दुसऱ्या गाडीचं हाउसिंग येतं, त्याच्याबरोबर ब्रेक वेगळे येतात, मागच्या दोन चाकांचे ब्रेक एका जातीचे आणि पुढच्या दोन चाकांचे दुसऱ्या.

आणि ब्रेक हा चेष्टेचा विषय नाही, विशेषतः आपल्या जिल्ह्यात. आम्ही घाटावरचे आणि घाटाखालचे अशी विभागणी बोलण्यात सहज करतो. चिखली, बुलडाणा, मेहकर घाटावर. मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली. बुलडाण्याहून मलकापूरला जायचं तर राजूर घाट उतरावा लागतो. सीजे-3बीला चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक होते आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच वाहिनी. गाडीत चार माणसं आणि थोडं सामान धरून हा हिशेब केलेला होता. आता जड इंजिन, मागे वाढवलेला हौदा, त्यात समोरासमोर बाकं, दांडीला लटकलेली माणसं. समजा सगळं मिळून 1,800 किलो वजन 300 मीटर खाली उतरलं, तर जवळपास 53 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. एवढ्या उष्णतेत सतरा लिटर पाणी उकळीला येईल. यातला काही भाग इंजिन आणि हवा घेते, बाकीचा त्या चार लहान ड्रमांत जातो. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जातो, पेडल खाली जातं. तेल उकळलं तर पेडल नुसतंच दाबलं जातं. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवायची शिस्त ज्या ड्रायव्हरांनी पाळली, त्यांनी या चुकीच्या हिशेबावर वर्षानुवर्षं पांघरूण घातलं. त्यांचं कौशल्य मोठं होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

मग या सगळ्यात उतरवलेल्या पेट्रोल इंजिनाचं काय झालं? काही इंजिनं पाण्याच्या पंपाला जोडली गेली. बाकीची कोपऱ्यात पडली, पावसाचं पाणी सिलिंडरमध्ये गेलं, पिस्टन धरले आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या गाड्यावर चढली. इंजिनाबरोबर त्याचा नंबरही गेला. आज या गोष्टीची किंमत कळते, कारण आता कायदा तो नंबर विचारतो.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण 5,000 रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. पण खरी मेख व्याख्येत आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसला पाहिजे. म्हणजे 1970 सालची, आजोबांनी घेतलेली, घरातल्या तीन पिढ्यांनी चालवलेली जीप इंजिन बदललेलं असल्यामुळे या दारातून आत जाऊ शकत नाही. वयाने ती बसते, रूपाने बसत नाही.

इथे काळाचा एक अन्याय आहे. पूर्वी आरटीओची परवानगी घेऊन पेट्रोलचं डिझेल केल्याची नोंद आरसी बुकात चढवता यायची आणि अनेकांनी ती रीतसर चढवली होती. पुढे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सन 2000 मध्ये कडक झालं : उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. ठरावीक इंधनबदलांना आणि अपंग चालकांसाठी केलेल्या बदलांना मंजुरीने वाट आहे, पण मिस्त्रीच्या अंदाजाने कापाकापी करण्याला नाही. तेव्हाच्या नियमात बसणारा बदल आज गाडीच्या गळ्यात अडकतो, याचं वाईट वाटतं. तरी नियमाचा हेतू मला पटतो. 'मूळ' या शब्दाला काही अर्थ ठेवायचा तर कुठेतरी रेघ ओढावी लागणारच.

जीपनंतर तालुक्याच्या गावात मान होता फियाटचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. आधीची गोलसर डुक्कर फियाट, मग 1964 ची 1100 डिलाइट, मग 1974 पासून पद्मिनी हे नाव. नंबर लावून काही वर्षं थांबल्यावर गाडी मिळायची. चिखलीसारख्या गावात ती डॉक्टरकडे, वकिलाकडे, व्यापाऱ्याकडे असायची आणि मालक ती जपायचे. फियाटचे हाल झाले ते पुढच्या पिढीत, ती 'जुनी' झाल्यावर आणि 'मॉडिफाय' करायची लाट आल्यावर.

फियाट आणि जीप यांच्या बांधणीतला फरक इथे कळायला हवा, कारण एकच बदल एकीला चालतो आणि दुसरीला मारतो. जीपला खाली शिडीसारखी पोलादी चासी असते. बॉडी तिच्यावर नुसती बोल्टने बसवलेली. हूड काढा, काच पाडा, दारं काढा, चासी सगळा भार उचलते. फियाटला अशी वेगळी चासी नाही. तळ, बाजूच्या पट्ट्या, दारांचे खांब आणि छत हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा बनतो. पेटीचं झाकण चिकटवलेलं असेल तर पेटी पिळत नाही. झाकण कापलं तर तीच पेटी हातात वेडीवाकडी होते. वरातीत नवरदेवाला उभं राहता यावं किंवा मिरवणुकीत पुढाऱ्याला हात हलवता यावा म्हणून ज्या फियाटचं छत कापलं गेलं, तिचं नेमकं हेच झालं. खड्ड्यातून जाताना गाडी मधे वाकते. काही महिन्यांत दारं लागेनाशी होतात, मग ती वेल्डिंगने कायमची बंद करतात. तळाला तडे जातात. ती गाडी पुन्हा छप्पर जोडून उभी करायची तर दुसऱ्या फियाटचं छत खांबांसकट कापून आणावं लागतं. एक वाचवायला दुसरी मारावी लागते.

दिव्यांचा मोह त्याहून साधा दिसतो आणि त्यानेच अनेक गाड्या जळल्या. जुन्या फियाटचा डायनॅमो वीस-बावीस अँपिअरच्या आसपास करंट द्यायचा, तोही इंजिन भरधाव असताना. सिग्नलला किंवा गुरांच्या कळपामागे गाडी रेंगाळली की जवळजवळ काहीच नाही. शंभर वॉटचे दोन बल्ब लावले तर बारा व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर त्यांनीच खाल्ले. वर म्युझिक सिस्टिम, प्रेशर हॉर्न, पंखा. बॅटरी उतरते, हा त्रास त्यातल्या त्यात बरा. बारीक वायरीतून आणि चाळीस वर्षांच्या स्विचमधून एवढा करंट गेला की वायरीचं आवरण वितळतं, आणि फियाटमध्ये ही वायर डॅशबोर्डमागे एकाच जुडग्यात असते. यावर उपाय सोपा होता. रिले बसवायचा, बॅटरीकडून जाड वायर थेट दिव्याला द्यायची, जुनी वायर फक्त रिले चालू करण्यापुरती ठेवायची. एकही भोक न पाडता हे करता येतं आणि एका संध्याकाळी काढूनही टाकता येतं.

स्टिअरिंगचा गिअर काढून खाली गिअर आणण्याचंही असंच. पुढचं सलग सीट, त्यावर आई, बाबा आणि मधे बसलेलं पोर, हात लांब न करता पडणारा गिअर, ही फियाटची सगळी मांडणी एकमेकांत गुंतलेली होती. तळाला भोक पाडून गिअरची दांडी वर आणली की सलग सीट जातं, बकेट सीटं येतात आणि मधल्या पोराची जागा जाते. गाडीचा वेग मात्र तेवढाच राहतो.

सध्या एक प्रकार वाढतो आहे आणि तो मला सगळ्यांत जास्त खुपतो. लग्नांसाठी भाड्याने मिळणारी 'विंटेज' गाडी. लांब नाक, मोठाले गोल दिवे, मडगार्डच्या लाटा, पांढरा रंग. जवळ जाऊन पाहिलं तर खाली एखाद्या जुन्या जीपचा किंवा तशाच गाडीचा सांगाडा असतो आणि वर नवा ठोकलेला पत्रा किंवा फायबर. खरी साठ वर्षांची गाडी कापून शंभर वर्षांची खोटी गाडी केलेली असते. युरोपातही हेच घडलं. फेरारीच्या 250 जीटीओ या दुर्मीळ शर्यतीच्या गाडीच्या नकला करायला लोकांनी त्याच घरातल्या, चार सीटांच्या साध्या 250 जीटीई गाड्या कापल्या. 1960 ते 1963 या काळात त्या साडेनऊशेच्या आसपास बनल्या होत्या, पुढे जुन्या झाल्यावर त्यांना फारशी मागणी नव्हती, स्वस्त मिळायच्या. मग दिवस फिरले आणि जीटीईलाच भाव आला. आज काही मालक नकलेचा पत्रा काढून तिला पुन्हा जीटीई करतात आणि त्यासाठी मोठा खर्च करतात. आपल्या जीपचा आणि फियाटचा भाव फेरारीच्या आसपासही नाही. पण पद्मिनीचंच बघा. मुंबईत हजारोंनी धावलेल्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून उतरली. काल ढिगाने असलेली वस्तू आज मोजकी होते, आणि ढीग असताना कुणीच मोजत नाही.

मग काहीच बदलायचं नाही का? तसं अजिबात नाही. काही बदल न करणंच गाडीला मारक ठरतं. देशात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. ते शिसं जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये पातळ थर धरून झीज रोखत असे. ॲम्बेसेडरसारख्या बिडाच्या हेडमध्ये हे सीट थेट बिडात कापलेलं असतं. शिसं गेल्यावर जास्त पळवलेल्या गाडीत ते झिजून व्हॉल्व्ह आत बसू लागतो. अशा वेळी लेथवर हेड नेऊन कडक पोलादी सीट बसवून घेणं शहाणपणाचं आहे. बाहेरून काही दिसत नाही आणि इंजिन पुढची पिढी बघतं.

आताचा प्रश्न इथेनॉलचा आहे. 2025 पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. त्यासाठी आपल्याच भागातला मकाही जातो, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पण जुन्या गाडीतला रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधले बुचाचे गॅस्केट इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, तडकतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरतं, महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचतं आणि टाकी आतून गंजते. त्यामुळे इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदे टाकणं, टाकी फार काळ अर्धी न ठेवणं हे बदल आज करायलाच हवेत. मूळपणाच्या हट्टापायी 1968 चा पाइप ठेवून गाडी पेटवून घेण्यात काही अर्थ नाही. सीटबेल्टचंही तेच, फक्त तो पत्र्याला नव्हे तर मजबूत जागी पकडला पाहिजे.

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, 2012 मध्ये ट्युरिन सनद नावाचा दस्तऐवज स्वीकारला. त्यातला एक विचार चिखलीतल्या कुठल्याही गॅरेजला लागू पडतो. रस्त्यावर सुरक्षित चालण्यासाठी बदल करावाच लागला तर तो शक्यतो परत फिरवता येईल असा असावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवावेत, म्हणजे पुढे ते वापरता येतील किंवा त्यांच्यावरून नवे बनवता येतील. मला यात जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं : गाडीच्या हयातीत, ती कामाला असताना झालेले बदलही तिच्या इतिहासाचाच भाग मानले जातात. म्हणून 1985 साली डिझेल झालेल्या आणि त्यानंतर पंधरा वर्षं चिखली ते मेहकर माणसं वाहिलेल्या काळी-पिवळीला सरसकट 'बिघडवलेली' म्हणणं मला मान्य नाही. मागे वाढवलेला हौदा, समोरासमोरची बाकं, वर सामानाची जाळी, हातांनी गुळगुळीत झालेली दांडी, हा वऱ्हाडातल्या रस्त्यांचा पुरावा आहे. एसटी पोचत नव्हती त्या फाट्यांवरून तिने बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, पोरं परीक्षेला नेली. अशी एखादी तरी काळी-पिवळी आहे त्या अवस्थेत कुणीतरी जपली पाहिजे. तिच्यावर हिरवा लष्करी रंग चढवून, मागच्या बाजूला डबा टांगून तिला युद्धातली जीप करणं हीसुद्धा मोडतोडच.

ज्यांच्याकडे काढलेलं इंजिन अजून आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. विकण्याआधी ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, ग्राइंडर लावू नका. कागद ठेवून पेन्सिलने घासून त्याचा ठसा घ्या आणि आरसी बुकातल्या जुन्या नोंदीशी ताडून बघा. नंबर जुळला तर ते इंजिन त्या गाडीचं आहे आणि त्याची भंगाराची किंमत विसरा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूच फिरवून बघा. धरलं असेल तर जोर करू नका. डिझेल आणि तेल मिसळून पुन्हा ओता आणि थांबा. सुटल्यावर प्लग परत लावा, कार्बोरेटर आणि धुराच्या नळ्यांची तोंडं कापड कोंबून आणि वर पत्रा बांधून बंद करा, उंदीर आत घर करतात. जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी पान्याने दोन फेरे द्या, म्हणजे रिंगा एकाच जागी गंजून बसत नाहीत. आणि काढलेले बोल्ट, ब्रॅकेट, वायपरची ती जुनी नळी, हवेचा गोल फिल्टर हे सगळं एका डब्यात भरून डब्यावर गाडीचा नंबर रंगवून ठेवा.